कोकीळही काळाच असतो

"खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?" पडद्यावरच्या मुलीनं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोणी नाही. एकटीच आहे ती."

मुलगी थबकली. तिच्यापुढे त्या सकाळी माझ्यासारखे वीसेक परीक्षार्थी वीसेक चौकटींत बसलेले असणार. तिनं मान तिरकी करून माझ्या चौकटीत डोकावल्यासारखं केलं.

"हा आवाज कोणाचा?"

"आमच्या ह्यांचा. ते आत आहेत. गवार मोडतायत."

"काकांना जरा घराबाहेर बसायला सांगाल? आणि लॅपटॉप फिरवून खोली दाखवा. टेबलाखाली, दारामागं, कपाटाशेजारी."

मी लॅपटॉप उचलून खोलीभर फिरवला. कपाट दाखवलं, कॅलेंडर दाखवलं, खाटेखालची पाहुण्यांची गादीसुद्धा दाखवली. मग आत जाऊन ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही परसात जाऊन बसा बरं. बारा वाजेपर्यंत घरात यायचं नाही."

"मी काय केलं? तिनं विचारलं, मी सांगितलं."

"तिनं मला विचारलं."

"मग तू बोलली नाहीस लवकर," असं म्हणून हे गवारीची परडी घेऊन परसात गेले.

हे म्हणजे हणमंतराव भोईटे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे यजमान. माणूस निर्मळ. चहा स्वतः करून पितात, माझ्या शिक्षणाला कधी आडकाठी केली नाही, उलट फलटणभर सांगत सुटले. पण एक खोड अशी की प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर हे देणार. बँकेतली मुलगी मला जन्मतारीख विचारते, सांगतात हे. दुकानदार मला विचारतो काकू कुठला रंग दाखवू, सांगतात हे. आमचे डॉक्टर मला विचारतात कुठं दुखतंय, आणि शेजारच्या खुर्चीतून उत्तर येतं, "डावा गुडघा. जिना चढताना." चौतीस वर्षांच्या संसारात मी स्वतःबद्दल लोकांना फार कमी गोष्टी सांगितल्यात. सांगायची वेळच आली नाही.

म्हणून तर मी त्या कॉलेजात नाव घातलं होतं. बारावीनंतर लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. मुलगी मृण्मयी सासरी गेल्यावर तिनंच मला हे ऑनलाइन कॉलेज शोधून दिलं. इमारत नाही, फाटक नाही, घंटा नाही. घरबसल्या इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, संगीताची ओळख असं चौफेर शिकायचं आणि बी.ए. व्हायचं. माझ्या वर्गात गडचिरोलीचा एक वनरक्षक होता, तो रेंज मिळवायला टेकडीवर चढून बसायचा आणि सर रंगात आले की नेमका गायब व्हायचा. एक बाळंतीण होती, तिच्या मांडीवरच्या बाळानं आख्खी फ्रेंच राज्यक्रांती ऐकली. शनिवारी संध्याकाळी आमचा कट्टा भरायचा. प्रत्येकानं आपापल्या घरचा चहा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं, एवढाच नियम. तिथं मला पहिल्यांदा कळलं की मी बोलायला लागले की लोक ऐकतात आणि हसतातसुद्धा. कट्ट्यावर हे नसायचे. हेडफोन लावून बसायची मी.

परीक्षेला मात्र हेडफोनची बंदी होती. आवाज उघडा, कॅमेरा उघडा.

तो पेपर शेवटच्या सत्राचा शेवटचा, तर्कशास्त्राचा. डाबरे सर शिकवायचे. वसईचे, अतिशय मृदू बोलणारे. ह्या पेपरावर माझ्यासाठी पदवीपेक्षा मोठं काहीतरी अवलंबून होतं. आमच्या गावच्या वाचनालयात बालविभागाची जागा निघाली होती. वयाची अट नाही, पण पदवीधर हवा, आणि एक जुलैला कागद हातात हवा. मुलांना पुस्तकं द्यायची, गोष्टी वाचून दाखवायच्या. त्रेपन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी. मी रोज त्या वाचनालयावरून भाजीला जायचे आणि बालविभागाची ठेंगणी टेबलं खिडकीतून बघून घ्यायचे.

पेपर सुरू झाला. मला पुटपुटल्याशिवाय वाचता येत नाही. शाळेतली सवय ती. मी पहिला प्रश्न पुटपुटत वाचला, लिहिला. दुसरा लिहिला. अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात भांडं वाजलं. परसात ऊन आलं असणार. हे गुपचूप आत येऊन बसले होते आणि दोन्ही खोल्यांमधल्या दाराच्या वर हवेसाठी जाळी आहे, तिच्यातून माझं पुटपुटणं त्यांना आकाशवाणीसारखं ऐकू जात होतं.

"अगं, सोपं आहे ते," जाळीतून आवाज आला.

तळपायाची आग मस्तकात गेली. उठून ओरडावं तर कॅमेरा सुरू. नजर पडद्यावरून हलवली तरी पेपरावर संशयाची खूण लागते. मी दात आवळून लिहीत राहिले. पुटपुटायचं नाही असं ठरवलं, तर प्रश्नच डोक्यात शिरेना. परत पुटपुटले, परत जाळी बोलली. असं चार-पाच वेळा झालं. वीस चौकटींच्या गलबल्यात पडद्यावरच्या मुलीला ते कळलं नसावं. बारा वाजता पेपर संपला, तेव्हा माझा पदर घामानं ओला झाला होता.

आत जाऊन म्हटलं, "तुम्हाला परसात बसायला सांगितलं होतं ना?"

"सावली गेली गं. आणि मी तुझ्याशी कुठं बोलत होतो? मी माझ्या मनाशी बोलत होतो."

"मनाशी मनात बोलतात."

ह्यांनी मोडलेली गवार माझ्यापुढे सरकवली. शिरा अगदी स्वच्छ काढलेल्या होत्या. मी भाजी फोडणीला टाकली आणि विषय सोडून दिला. तीच चूक झाली.

आमच्या कॉलेजचं एक बातमीपत्र निघायचं, दर सोमवारी. कुणाला बक्षीस मिळालं, कुणाचं लग्न ठरलं, वनरक्षकाच्या टेकडीवर अस्वल आलं होतं, असल्या बातम्या. ते काढायची ऋजुता नावाची विद्यार्थिनी. तिनं मला फोन केला, ह्या वर्षीच्या सगळ्यांत ज्येष्ठ विद्यार्थिनीची मुलाखत हवी म्हणून. मी नेमकी दळणाला गेले होते. फोन ह्यांनी घेतला. पुढच्या सोमवारी पडद्यावर माझा फोटो आणि खाली सव्वा पान मजकूर. त्यात मी एकदाही बोललेली नव्हते. मथळा होता, 'भोईटे काकूंच्या यशामागे काका'. आणि शेवटी ह्यांचं वाक्य, "तर्कशास्त्र म्हणाल तर ते मीच करून घेतलं. अगदी पेपरापर्यंत."

मी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं तरी होतं का?"

"लोकांना बरं वाटतं असं वाचायला," हे म्हणाले.

लोकांना बरं वाटलं असेल. परीक्षा विभागाला वाटलं नाही. त्यांनी माझ्या पेपरची ध्वनिचित्रफीत काढून ऐकली. गुरुवारी पत्र आलं. शिस्तपालन समितीसमोर सुनावणी, शनिवारी अकरा वाजता, घरात ज्यांचा आवाज ऐकू आला त्यांनीही हजर राहावं. पत्र मी चारदा वाचलं. हे मात्र इस्त्रीचा सदरा घालून पावणेअकरालाच लॅपटॉपपुढे जाऊन बसले, मधल्या खुर्चीवर. मला कडेची खुर्ची उरली.

समितीत दोघं होते. अध्यक्ष डॉ. इनामदारबाई, आणि डाबरे सर.

"भोईटेबाई, परीक्षेच्या वेळी घरातून बोललेलं तुम्हाला ऐकू येत होतं का?" इनामदारबाईंनी विचारलं.

"छे, छे. मी अगदी हळू बोलत होतो," हे म्हणाले.

"मी बाईंना विचारते आहे."

"तिला ऐकायला जरा कमीच येतं."

"मला व्यवस्थित ऐकायला येतं," मी म्हणाले.

"भोईटेसाहेब," इनामदारबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, "तुम्ही आता थोडा वेळ काहीही बोलू नका. आपण पेपरच ऐकू."

आणि पडद्यावर माझा पेपर सुरू झाला. मला कल्पना नव्हती, पण परीक्षेच्या त्या यंत्रणेत माझा आवाज आणि चेहराच नव्हे, मी टाइप केलेलं एकेक अक्षरही साठत होतं. लिहिलेलं, खोडलेलं, सगळं. डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला माझं उत्तर, आपोआप उमटत जाणारं.

पहिल्या चार ठिकाणी ह्यांचा आवाज आला आणि मी त्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. एका ठिकाणी हे म्हणतात "पहिला पर्याय", आणि मी त्याच क्षणी तिसरा लिहिते आहे. दुसऱ्या ठिकाणी हे म्हणतात "ह्यात काय सिद्ध करायचं, दिसतंयच की", आणि मी सहा ओळी सिद्ध करते आहे. डाबरे सर गालात हसले. मला हायसं वाटलं. ह्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं.

मग नववा प्रश्न आला. पडद्यावरची मी पुटपुटत होते, "सर्व कावळे काळे असतात. हा पक्षी काळा आहे. म्हणून हा पक्षी कावळा आहे. हा युक्तिवाद योग्य की अयोग्य, कारण लिहा."

उजवीकडे अक्षरं उमटायला लागली. 'अयोग्य. पक्षी काळा आहे एवढ्यावरून तो कावळा ठरत नाही. कोकीळही काळाच असतो.'

आणि जाळीतून आवाज आला, अगदी स्पष्ट. "योग्यच की. कावळा काळाच असतो, त्यात काय विचारायचं?"

पडद्यावरची मी थांबले. दहा-बारा सेकंद नुसतीच बसून होते. मग उजवीकडचं शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. कोकीळ गेला. मग मागं मागं जात सगळी ओळ गेली. कोऱ्या जागेवर नवीन शब्द आला, 'योग्य.' पुढे लिहिलं होतं, 'कारण कावळे काळे असतात.'

खरं सांगते, मला हे आठवतच नव्हतं. मी असं केलं होतं, हे मला त्या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. मी स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. ह्या बाईला उत्तर येत होतं. तिनं ते स्वतःच्या डोक्यानं शोधलेलं होतं, आमच्या परसातल्या लिंबावर रोज पहाटे ओरडणाऱ्या पक्ष्यावरून. आणि एका हाकेसरशी तिनं ते खोडलं होतं. मला ह्यांचा राग आला, पण त्याहून जास्त त्या बाईचा आला.

"बाई," इनामदारबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती, नुसता वैताग होता, "पंधरा वर्षं मी ह्या समितीवर आहे. चुकीचं खोडून बरोबर लिहिणारे शेकड्यांनी पाहिले. बरोबर खोडून चुकीचं लिहिण्यासाठी मदत घेणारं मी कोणी पाहिलं नाही. हे का केलंत?"



डाबरे सर पुढे झुकले. "भोईटेताई, नियम असा आहे की बाहेरचा आवाज ऐकून उत्तर बदललं असेल तर पेपर रद्द होतो. मग बदललेलं उत्तर चुकीचं का असेना. परत परीक्षा ऑक्टोबरमध्ये. पण माणूस स्वतःचा विचारही बदलतो. पेपरात असं कितीदा तरी होतं. तुम्ही ते स्वतःच बदललं असेल, आवाजाकडे तुमचं लक्षच नसेल, तर तसं सांगा. एका प्रश्नाचे गुण जातील, बाकी पेपर उत्तम आहे. विषय इथंच संपेल."

सरांना मला वाचवायचं होतं, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. जूनमध्ये पदवी, जुलैमध्ये वाचनालय. ती ठेंगणी टेबलं मला समोर दिसायला लागली.

टेबलाखालून ह्यांनी माझा गुडघा दाबला. ओठ न हलवता, खालच्या आवाजात म्हणाले, "हो म्हण. स्वतःच बदललं म्हण."

मी पडद्याकडे पाहिलं. तिथं अजून ती चौकट थांबलेली होती. 'योग्य. कारण कावळे काळे असतात.'

"नाही सर," मी म्हणाले. "मला ह्यांचं बोलणं ऐकू आलं. ऐकू आलं म्हणूनच मी खोडलं."

"ताई, नीट विचार करून—"

"केलाय. कोकीळ माझा होता सर. खाली जे लिहिलंय ते माझं नाही. माझं आहे असं मी सांगणार नाही."

इनामदारबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि काहीतरी लिहून घेतलं. पेपर रद्द झाला. दोन मिनिटांचं काम. जाताना डाबरे सर एवढंच म्हणाले की ऑक्टोबरमध्ये भेटू.

हे संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. आमच्या घरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दिवेलागणीला चहा करून आणला, माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाले, "एवढी चांगली जागा घालवलीस."

"मी घालवली?"

"एक शब्द बोलायचा होता. कुणाचं नुकसान होत होतं त्यात?"

"माझं होत होतं."

"ते कसं काय?"

"अहो, चौतीस वर्षं मी कधी म्हणाले का की हे माझं उत्तर नाही? साडीचा रंग तुम्ही सांगितला, मी नेसले. मृण्मयीनं सायन्स घ्यायचं हे तुम्ही सांगितलं, मी मान डोलवली. लोकांना वाटतं ते सगळं माझंच. मलाही वाटायला लागलं होतं. आज ते अक्षर अक्षर पुसताना पाहिलं आणि माझी मलाच शरम वाटली. आता परत त्याच्यावर 'माझंच' म्हणून सही करू?"

हे कपातल्या चहाकडे बघत राहिले. वाद घालतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. 

"कोकीळ," हे म्हणाले. "माझ्या ध्यानातच आला नाही."

वाचनालयाची जागा आमच्या आळीतल्या माळ्यांच्या सुनेला मिळाली. मुलगी चांगली आहे, मुलांना जीव लावते. तरी दोन-तीन महिने मी भाजीला पलीकडच्या रस्त्यानं जात होते. ते दुःख मी कुणापुढे बोलून दाखवलं नाही, पण झालं नाही असं नाही.

ऑक्टोबरात परीक्षेच्या दिवशी मी काही बोलायच्या आत ह्यांनी चप्पल घातली. पेपरवाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून येतो म्हणाले, आणि खरंच बारा वाजेपर्यंत फिरकले नाहीत. मी मोकळेपणानं पुटपुटले. घर इतकं शांत होतं की एकदा पडद्यावरच्या मुलीनंच विचारलं, मॅडम, तुमचा आवाज नीट येतोय ना? आल्यावर हे दारातच थांबले. "झाला का? काय काय विचार—" म्हणता म्हणता स्वतःच गप्प झाले आणि भाजीची पिशवी आत ठेवायला गेले.

त्याला आता सहा वर्षं झाली. पदवीचा कागद खाटेवरच्या भिंतीला आहे. तो लावायला खिळा कुठं ठोकायचा हेही ह्यांनीच ठरवलं, म्हणजे माणूस काही मुळापासून बदलला असं मी म्हणणार नाही. पण कागद आल्याच्या आठवड्यात एक गोष्ट झाली ती सांगते.

गुडघा फार धरला होता म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी सवयीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "काय काकू, कुठं दुखतंय?" आणि उत्तरासाठी सवयीनंच मान ह्यांच्याकडे वळवली.

ह्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाले, "तिलाच विचारा."

डॉक्टरांनी आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला, सांगायला सुरुवात करणार, एवढ्यात ह्यांना राहवलं नाही.

"डावा गुडघा आहे तसा," हे हळूच म्हणाले. "जिना चढताना."

"उजवा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझा केसपेपर ओढला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. "काकू, तीन वर्षं इथं सगळीकडे डावाच लिहिलाय."

"गोळीला काय डावं-उजवं कळतंय," मी म्हणाले. "पण दुखतो तो उजवा. पहिल्यापासून उजवाच दुखतो."

डॉक्टर लिहायचे थांबून ह्यांच्याकडे बघायला लागले. हे माझ्या गुडघ्याकडे बघत होते.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "लिहा. उजवा."